मैदानावरचे प्रश्न : गोल आटले की दोष कुणाचा?

महिनाभर पत्रांचा सूर एकच आहे. फुटबॉलमधल्या स्ट्रायकरचे, म्हणजे गोल करायला पुढे असणाऱ्याचे, गोल आटले, आता क्लब बदलू का? म्हणून आज हाच विषय.

प्रश्न : प्लेमेकर म्हणजे दहा नंबरवालाच ना? (म्हापसा)

नाही. प्लेमेकर म्हणजे पास देऊन संघाचा खेळ रचणारा, नंबर कुठलाही असो. इटलीचा आंद्रेया पिर्लो 21 नंबर घालून बचावफळीच्या पुढ्यातून सगळा खेळ चालवायचा.

प्रश्न : थ्रो-इनवर थेट बॉल मिळाला तर स्ट्रायकर ऑफसाइड होतो का? (पेडणे)

होत नाही. पास सुटताना बचावफळीच्या पुढे निघून गेलेला खेळाडू ऑफसाइड धरतात, पण थ्रो-इनवर ते लागू नाही. गोलकिक आणि कॉर्नरवरही नाही.

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा, स्ट्रायकर. गेल्या मोसमात भरपूर गोल केले. यंदा संघात नवा प्लेमेकर आला आणि गोल बंद. लोक म्हणतात, पोराचा फॉर्म गेला. क्लब बदलावा का? (डिचोली, पालक)

लोक काय म्हणतात ते आधी बाजूला ठेवा. मला एवढंच सांगा : जुना प्लेमेकर पास कधी द्यायचा आणि नवा कधी देतो? हे कुणी पाहतच नाही, आणि त्यापायी चांगली पोरं बेंचवर बसलेली मी पाहिली आहेत.

पहिल्याच टचला बॉल पुढे सोडणारा प्लेमेकर असेल, तर बॉल त्याच्याकडे येत असतानाच स्ट्रायकरने पळ काढायला हवा. बॉल पायाशी ठेवून दोघांना चकवणारा असेल, तर तीच धाव ऑफसाइड ठरते. तिथे थांबायचं, बचावपटूच्या पाठीमागे लपायचं आणि प्लेमेकरची मान वर झाली की सुटायचं. मँचेस्टर सिटीत असताना प्लेमेकर केव्हिन डी ब्रॉयना उजवीकडून गोलकीपर आणि बचावफळी यांच्या मधल्या पट्ट्यात लवकर क्रॉस टाकायचा. तिथे धडकणारा स्ट्रायकर हालांड मिळाला आणि 2022-23च्या प्रीमियर लीगमध्ये हालांडचे 36 गोल झाले. उलट शावी-इनिएस्ता या प्लेमेकरांचा स्पेन बॉल फिरवत राहायचा, त्यामुळे समोरचा संघ बॉक्समध्येच दाटी करून बसायचा. 2010चा विश्वचषक त्यांनी सात सामन्यांत अवघ्या 8 गोलांवर जिंकला. त्यातले 5 दाविद व्हियाचे, तो बरेचदा डावीकडून आत यायचा म्हणून.

तेव्हा तुमच्या मुलाचे पाय तेच आहेत, घड्याळ बदललंय. दोघांना सरावानंतर वीस मिनिटं एकत्र ठेवा. क्लब बदलण्याआधी कोचशी बसून बोला, आणि मुलालाही सोबत घ्या. मोसम संपेपर्यंत वाट पाहू नका, तोवर पोराचा आत्मविश्वास जातो.

प्रश्न : एफसी गोवाचा स्ट्रायकर कोरो याचे गोल म्हणजे सगळी प्लेमेकर लान्सारोतेची कृपा, असं आमच्या नाक्यावर ठाम मत आहे. (फोंडा)

नाक्यावरच्या मताला आकडे विचारा. 2017-18मध्ये लान्सारोते एफसी गोवात असताना कोरोने आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) 18 गोल केले. लान्सारोते कोलकात्याच्या एटीके क्लबकडे गेला आणि पुढच्या मोसमात कोरोने 16 गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट पुन्हा घेतला. पण म्हणून प्लेमेकर कोणीही चालतो, असा उलटा अर्थही काढू नका. जाहू, बेदिया, ब्रँडन, बुमूस असे बॉल देणारे तिथे होतेच आणि कोच लोबेरांची पद्धतही तीच होती. फातोर्ड्याच्या मैदानावर बॉल नसतानाचा कोरो ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगावं लागत नाही. बचावपटूची नजर बॉलकडे वळली की तो दोन पावलं सरकलेला असायचा.

प्रश्न : आठ दिवसांच्या 'फिनिशिंग कॅम्प'मध्ये गोलची हमी देतात. फी बरीच आहे. घालू का? (साखळी)

गोलची हमी देणारा माणूस खोटं बोलतो. कॅम्पमध्ये पास कोच देतो, सामन्यात तुमच्या संघाचा प्लेमेकर देणार आहे. पैसे भरण्याआधी स्वतःच्या कोचला विचारा.

प्रश्न : आमचा प्लेमेकर सारखे लांब थ्रू बॉल टाकतो. धावताना माझी मांडी मागून ओढते. स्प्रे मारून खेळतो. चालेल? वय 17. (वाळपई)

चालणार नाही. स्प्रेने दुखणं बधिर होतं, स्नायू सांधत नाही. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, एकदा फाटला की पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. आजपासून वेगाने धावणं बंद कर आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखव. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) गेलास तरी चालेल. घरी आणि कोचना आजच सांग. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर परतशील तेव्हा प्लेमेकरला सांग, पहिले काही सामने बॉल पायाशी दे.