पहिल्यांदा इन्कम टॅक्स रिटर्न भरताय? आधी 26एएस उघडा

टेन्शन घेऊ नका हो, पहिल्या वर्षी पोर्टलवर बहुतेकांचं काही ना काही अडतंच. सगळ्यात जास्त अडतं टीडीएसवर (पैसे हातात येण्याआधीच कापलेला टॅक्स), म्हणजे पगाराच्या स्लिपांची बेरीज केली तर कापलेला टॅक्स एक आणि 26एएसमध्ये (पोर्टलवरचं, तुमच्या पॅनवर जमा झालेला टॅक्स दाखवणारं स्टेटमेंट) दुसराच, आणि मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात, पण सॉफ्टवेअर जे जमा दिसतंय तेच उचलणार ना. अशा वेळी मनाने आकडा टाकून सबमिट अजिबात करू नका. कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना मेल टाका, तुमचा पॅन बरोबर टाकलाय का विचारा, करेक्शन त्यांनाच करावं लागतं, तुमच्या हातात फक्त पाठपुरावा, तो मात्र सोडू नका.

एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची टॅक्स खात्याकडची यादी, ती पण बघाच. एफडीचं व्याज हातात आलं नाही म्हणून धरायचं नाही असं नसतं, शिवाय टीडीएस कापला नसला तरी ते दाखवावं लागतं. एखादी एन्ट्री खरंच तुमची नसेल तर तिथेच फीडबॅक द्या.

रिफंडसाठी बँक खातं व्हॅलिडेट करून ठेवा, पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नसेल तर तिथेच गाडी अडते. आणि सबमिट झालं म्हणजे संपलं नाही, 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा, म्हणजे रिटर्न तुम्हीच भरलंय हे ऑनलाइन पक्कं करा, आधारला जुना नंबर असेल तर ओटीपी येणारच नाही, मग नेटबँकिंगने करा.

कुणाला विचारताना एरर जशीच्या तशी सांगा, फॉर्म आयटीआर 1 की 2, टॅक्सची रिजीम (पद्धत) जुनी की नवी तेही सांगा, पण स्क्रीनशॉटमधला पॅन आधी झाका आणि ओटीपी कुणालाच देऊ नका.