बालशिक्षिका व्हायचं आहे, पण पदवी कोणती?
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : मी यंदा बारावी कला शाखेत आहे. मला लहान मुलांनाच शिकवायचं आहे. आधी बी.ए. करून मग एखादा कोर्स करू, की थेट याच विषयाची पदवी मिळते? घरचे म्हणतात, बालवाडीला शिकवायला पदवी कशाला हवी? – एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : थेट पदवी मिळते, आणि तिला दोन वाटा आहेत.

पहिली वाट गृहविज्ञानातल्या 'मानव विकास' या विषयाची. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय इथे हा विषय जुना आहे, शेजारच्या गुजरातेत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही आहे. त्यात जन्मापासूनची वाढ, पोषण, बालमानसशास्त्र, विशेष गरजा असलेली मुलं, पालकांशी संवाद आणि बालवाडीचं नियोजन असं सगळं येतं. कला शाखेतून प्रवेश मिळतो का आणि कोणत्या पदवीला मिळतो, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात पाहून घे.

दुसरी वाट चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक शिक्षण अभ्यासक्रमाची, म्हणजे आयटेपची. त्यात पदवी आणि बी.एड. एकत्र होतं. प्रवेश राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या (एनटीए) एनसीईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून मिळतो. तिच्यात दोन भाषा, तीन विषय, सामान्य चाचणी आणि अध्यापन अभिवृत्ती असे भाग असतात. इथे एक चूक नेहमी होते. आयटेप पायाभूत, पूर्वतयारी, पूर्व माध्यमिक आणि माध्यमिक अशा टप्प्यांसाठी वेगवेगळा असतो. तुला 'पायाभूत टप्पा' हवा, कारण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांची मुलं, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी, या एका टप्प्यात घातली आहेत. संस्थेला फक्त माध्यमिकची मान्यता असेल, तर चार वर्षांनी तू नववीच्या वर्गापुढे उभी राहशील. पसंतीक्रम भरण्याआधी संस्थेच्या नावापुढचा टप्पा वाच.

तीन किंवा चार वर्षांच्या साध्या पदवीत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आता आहे. ती अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे. त्या प्रमाणपत्राने कुणी शिक्षिका होत नाही, म्हणून ते धरून आखणी करू नकोस.

घरच्यांना सांग, की तीन वर्षांचं मूल 'मला कळलं नाही' असं बोलून दाखवत नाही. त्याच्या हालचालींवरून आणि खेळावरून ते ओळखावं लागतं, आणि ते शिकायला वेळ लागतो. दहावीच्या मुलाला शिकवण्यापेक्षा हे काम सोपं नाही.

प्रश्न : मी एका खासगी संस्थेतून एक वर्षाचा नर्सरी टीचर ट्रेनिंगचा कोर्स केला. आता मोठ्या शाळेत अर्ज केल्यावर 'मान्यताप्राप्त नाही' असं उत्तर आलं. पैसे वाया गेले का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : शिकलेलं वाया जात नाही, पण त्या कागदाची किंमत मर्यादित आहे. शिक्षक प्रशिक्षणाला मान्यता राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई देते. तिच्या यादीतला पूर्वप्राथमिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, त्याचं नाव डीपीएसई, म्हणजे पूर्वप्राथमिक शिक्षण पदविका. प्रवेशासाठी बारावीला साधारण ५० टक्के गुण लागतात. एक वर्षाचे बरेचसे नर्सरी कोर्स या चौकटीच्या बाहेरचे असतात. 'आयएसओ प्रमाणित', 'शासननोंदणीकृत संस्था' हे शब्द जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात. संस्थेची नोंदणी आणि अभ्यासक्रमाची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमकी इथेच फसगत होते.

पुढच्या वेळी शुल्क भरण्याआधी संस्थेकडून मान्यतेच्या आदेशाची प्रत मागा. तिच्यावर संस्थेचं नाव, पत्ता, अभ्यासक्रम आणि प्रवेशसंख्या असते. तोच आदेश एनसीटीईच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा. पदवी दूरशिक्षणातून असेल, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची यादी पाहा, मागच्या वर्षाची नको.

माँटेसरी प्रशिक्षणाचं वेगळं आहे. असोसिएशन माँटेसरी इंटरनॅशनल ही १९२९ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिची पदविका माँटेसरी शाळांत मानाने घेतली जाते आणि प्रशिक्षण कसून होतं. तरीही ती विद्यापीठाची पदवी नव्हे. माँटेसरी शाळेतच काम करायचं असेल तर जरूर करा, सरकारी भरतीसाठी मात्र तिच्यावर विसंबू नका.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे, बारावी झालेली. नोकरी सांभाळून पुढे काय शिकता येईल? त्याचा बढतीला उपयोग होतो का? – एक सेविका, डहाणू तालुका

उत्तर : होतो. 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' या केंद्राच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पर्यवेक्षिकांची, म्हणजे मुख्यसेविकांची निम्मी पदं पाच वर्षं अनुभव असलेल्या सेविकांतून बढतीने भरायची तरतूद आहे, अर्थात वय आणि शिक्षणाची अट पुरी करणाऱ्यांतूनच. मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते, तेव्हा आतापासून पदवीच्या दिशेने चाला.

पहिली पायरी म्हणून इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालपण संगोपन व शिक्षणाची पदविका घेता येते. तिला बारावी लागते आणि ती किमान एका वर्षात होते. ती ३२ श्रेयांकांची (क्रेडिटची) आहे: तीन लेखी अभ्यासक्रम आणि एक प्रकल्प, प्रत्येकी ८ श्रेयांक. इग्नू एका श्रेयांकाला ३० तास अभ्यास धरते, म्हणजे हे ९६० तास झाले. वर्षाच्या ५२ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेअठरा तास. नोकरी, घर आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरची नोंद सांभाळून एका वर्षात हे सहसा जमत नाही. दोन वर्षं धरा आणि दोन लेखी विषय आधी संपवा. प्रवेश जानेवारी आणि जुलैत होतात, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. स्वाध्याय (असाइनमेंट) मुदतीत दिले नाहीत तर निकाल अडकून राहतो. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी निवडावं लागतं. आपल्याकडच्या सेविकांना हिंदी सोपं जातं, फक्त संज्ञांची मराठी-हिंदी जोडवही करून ठेवा. ही पदविका पदवी नाही आणि पहिलीला शिकवण्याची पात्रताही नाही. त्यानंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. करा.

प्रकल्पात आणि पुढे पदवीच्या प्रात्यक्षिकातही सगळ्यात जास्त गुण जातात ते निरीक्षणाच्या नोंदींत. 'मुलगी चिडखोर आहे, लक्ष देत नाही' ही नोंद नव्हे, तो शेरा झाला. नोंद अशी हवी: 'वय ३ वर्षे ७ महिने. सकाळी १०.२० ते १०.३५. ठोकळ्यांचा कोपरा. शेजारच्या मुलाने लाल ठोकळा घेतला. तिने हात धरला, "माजा हाय" म्हणाली, ठोकळा मिळेना तेव्हा उठून दाराशी गेली, दोन मिनिटांनी निळा ठोकळा घेऊन परत आली.' मुलाचं बोलणं त्याच्याच बोलीत उतरवा. वारली किंवा मांगेली बोलणारं मूल असेल तर त्याच्याच शब्दांत लिहा, प्रमाण मराठीत बदलू नका. अर्थ काय लावला, ते खाली वेगळ्या परिच्छेदात येऊ द्या. एकाच मुलाचं महिनाभर, दिवसाच्या निरनिराळ्या वेळी निरीक्षण करा. फक्त सकाळच्या नोंदी असल्या की परीक्षक विचारतो, जेवणाच्या वेळी मूल कसं वागतं?

दुसरी चूक साहित्याची. पुठ्ठा आणि चकाकत्या कागदाचा सुंदर तक्ता भिंतीवर उंच टांगलेला असतो आणि मुलाचा हात तिथवर पोचत नाही. त्यापेक्षा वीस डबीची झाकणं आणि दोन सुपं द्या, ती मुलांना लावता, ओतता, मोजता येतात. चिंचोके आणि मणी मोठ्या मुलांसाठी ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. गोलातला उपक्रम तीन वर्षांच्या मुलांसाठी १० ते १५ मिनिटांचाच आखा.

तुमच्या तालुक्याला तर या कामाचा वारसा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडला नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत होती. भोवतालच्या वस्तूंतून साहित्य करण्याची पद्धतही तिथलीच. प्रकल्पाचा विषय शोधताना लांब जाऊ नका.

प्रश्न : माझं बी.ए., बी.एड. आहे. पहिलीच्या वर्गासाठी अर्ज करू का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नको. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता अमान्य ठरवली. त्या वर्गांना डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते.

प्रश्न : मी एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) कॅलिफोर्नियात आहे, पुण्याची बी.कॉम. आहे. इथल्या प्रीस्कूलमध्ये शिकवायला पुन्हा पूर्ण पदवी करावी लागेल का? – एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : पूर्ण पदवी लागत नाही. एच-४ वर शिकता येतं, पगारी काम मात्र ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हाती आल्याशिवाय करता येत नाही, आणि तो जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर मागता येतो. म्हणून थांबण्याचा हा काळ अभ्यासाला वापरा.

कम्युनिटी कॉलेजमध्ये बालविकासाचे चार अभ्यासक्रम घेतले की १२ युनिट (तिथले श्रेयांक) होतात. बालकाची वाढ व विकास, मूल-कुटुंब-समाज आणि अभ्यासक्रम आखणी हे तीन त्यात असू द्या. राज्याच्या रहिवाशांना शुल्क युनिटला ४६ डॉलर, म्हणजे एकूण ५५२ डॉलर. अनिवासी दर कितीतरी जास्त असतो. एच-४ धारकाला रहिवासी ठरता येतं, पण त्यासाठी राज्यात वर्षाहून जास्त वास्तव्य असल्याचे पुरावे लागतात. घरभाड्याचा करार, राज्याचा वाहनपरवाना आणि करविवरणपत्र आधीच जमवून ठेवा.

खासगी केंद्रात शिकवायला या १२ युनिटांवर सुरुवात होते. राज्याच्या अनुदानित केंद्रांत चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट, म्हणजे राज्याचा बालशिक्षकाचा परवाना लागतो. 'असोसिएट टीचर'ला तीच १२ युनिट आणि दोन वर्षांत रोज किमान ३ तासांचे ५० दिवस काम. 'टीचर' परमिटला बालविकासाची २४, सामान्य शिक्षणाची १६ युनिट आणि चार वर्षांत १७५ दिवस. तुमच्या बी.कॉम.मधले विषय या १६ मध्ये धरले जाऊ शकतात, त्यासाठी हे परमिट देणाऱ्या राज्याच्या आयोगाने मान्य केलेल्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं. पुणे विद्यापीठाच्या मूळ गुणपत्रिका सीलबंद पाकिटात मागवायला वेळ लागतो, तो अर्ज आजच टाका.

प्रात्यक्षिकाआधी क्षयरोगाची चाचणी आणि गोवर, डांग्या खोकला व फ्लूच्या लशींचे दाखले मागतात, आणि बोटांचे ठसेही घेतले जाऊ शकतात. लहानपणीचा लसीकरणाचा कागद सापडत नसेल, तर गोवरासाठी रक्ताची प्रतिकारशक्ती चाचणी चालते. कॉलेजच्या अभ्यासक्रमातलं विनामोबदला प्रात्यक्षिक ठीक आहे. एखाद्या केंद्राने 'थोडे महिने अशीच मदत करा, नंतर पगार देऊ' असं म्हटलं, तर तसलं काम स्वीकारण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.