बातम्यांमध्ये 'घुसखोर', 'परप्रांतीय', 'लोंढे' असे शब्द का वापरतात? त्याऐवजी तटस्थ शब्द कोणते?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पत्रकारितेच्या वर्गात सरांनी 'शब्द तटस्थ हवेत' एवढंच सांगितलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. सरांनी बहुधा रात्रपाळी केलेली नसावी. मी केली आहे. मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे हे शब्द पानावर कसे येतात ते रोज बघितलंय.

हे सगळं कुणाच्या तरी विचारसरणीतून येतं असं तुम्ही गृहीत धरलंय. निम्म्या वेळा तसं नसतं. 'घुसखोर' पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये आयता असतो. बातमीदार तो तसाच पाठवतो, आणि डेस्कवर मथळा कॉलमात बसवायची घाई असते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मुंबईत तेव्हा बांगलादेशी शोधून काढायची मोहीम जोरात होती. जुलै 1998 मध्ये जरीकाम करणाऱ्या काही बंगाली मुसलमानांना पोलीस बंदोबस्तात कुर्ला-हावडा एक्सप्रेसनं सीमेकडे नेलं जात होतं. हावड्याच्या अलीकडे उलुबेरियाला जमावानं गाडी अडवून त्यांना सोडवलं. हे आमचेच लोक आहेत, असं बंगालमधून ओरडून सांगितलं जात होतं आणि इकडून 'घुसखोर' एवढंच उत्तर जात होतं. त्याच सुमारास एका रात्री आमच्या उपनगरातल्या बातमीदाराचा फॅक्स आला: जरीच्या कारखान्यातून काही पोरांना उचललंय. मी मथळा दिला, 'बांगलादेशी असल्याच्या संशयावरून जरी कारागीर ताब्यात'. वृत्तसंपादकांनी पेन घेतलं, 'संशयावरून' खोडलं, 'जरी कारागीर' खोडलं आणि वर लिहिलं, 'बांगलादेशी घुसखोरांना अटक'.

मी विचारलं, कोर्टानं ठरवलं का? तर म्हणाले, "तुमचा मथळा दोन कॉलमात बसत नाही." मी म्हटलं, तीन कॉलम करू, शेजारची एका कॉलमाची बातमी खाली घेऊ. "बाई, पान छपाईला सोडायचंय." पान सुटलं. बातमीच्या चौथ्या परिच्छेदात 'संशय' शिल्लक होता म्हणा, पण लोकलमध्ये समोरच्याच्या हातातला पेपर वाचणाऱ्याला चौथा परिच्छेद कुठून दिसणार?

खरा संताप पुढे झाला. काही आठवड्यांनी त्याच बातमीदारानं कळवलं की बहुतेकांची गावं पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यात निघाली, पंचायतीचे दाखले आले, पोरं सुटली. मी स्वतः छोटी बातमी केली, आतल्या पानावर लावून घेतली. रात्री उशिरा जाहिरात आली आणि पानावरून पहिली तीच उडाली. दुसऱ्या दिवशी ती शिळी झाली. मी वाद घातला तेव्हा सगळ्या डेस्कसमोर मला विचारण्यात आलं, "तुम्हाला यांचा एवढा पुळका का?"

का ते सांगते. माझे वडील पाटण तालुक्यातून आले आणि लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागले. त्यांच्या शेजारच्या साच्यावर जौनपूरचा माणूस होता. तो भय्या आणि माझे वडील घाटी. दोघांनी 1982 च्या संपात सारखीच उपासमार काढली. मी कॉलेजात गेले तेव्हा वर्गातल्या मुली मराठीच होत्या, पण माझ्या बोलण्याला 'घाटी' म्हणून हसायच्या. आणि पुळक्याचा प्रश्न विचारणारे आमचे साहेब, तेच पेन चालवणारे वृत्तसंपादक, मुरलेले गिरगावकर, कुणाच्या बातमीची कॉपी ओबडधोबड आली की सगळ्यांदेखत म्हणायचे, 'ही घाटावरनं आलेली दिसते'. आजही गोव्यात बांधकामावर गेलेल्या सोलापूरच्या माणसाला 'घाटी' ऐकावं लागतंच. त्याची बातमी मुंबईत आली तर आपण काय म्हणतो? 'मराठी माणसाचा अपमान'.

असो. मुद्द्यावर येते.

'घुसखोर' हा शब्द कडक आहे म्हणून माझा आक्षेप नाही. कडक शब्द मला आवडतात. माझा आक्षेप असा की तो वर्णनाचा शब्द नाही, निकालाचा आहे. नागरिकत्व कायद्यात 2003 च्या दुरुस्तीनं अवैध स्थलांतरिताची व्याख्या आली: वैध कागदाशिवाय आलेला किंवा मुदत संपल्यावर राहिलेला परदेशी. म्हणजे आधी तो परदेशी आहे हे ठरायला हवं. 1946 च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचा बोजा त्या माणसावरच होता, सरकारवर नव्हता, आणि त्याच्या जागी आलेल्या 2025 च्या नव्या कायद्यातही तसंच ठेवलंय. कायदा आधीच त्याच्या विरुद्ध बाजूला झुकलेला असताना पेपरनं आणखी एक ढकल द्यायची गरज काय? शिवाय 1999 मध्ये कारगिलच्या शिखरांवर बंदुका घेऊन बसलेल्यांनाही आपण घुसखोरच म्हणत होतो. तोच शब्द सुई-दोरा घेऊन बसलेल्या पोराला लावताना हात थांबायला नको?

हे जुनं झालं असं समजू नका. जून 2025 मध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या, मूळच्या मुर्शिदाबादच्या एका माणसाला पकडून चक्क बांगलादेशच्या हद्दीत ढकलून दिलं. बंगालमधून कागद पुढे केल्यावर तो परत आला. आसामात 31 ऑगस्ट 2019 ला नागरिक नोंदणीची (एनआरसी) अंतिम यादी आली. तिच्याबाहेर 19 लाखांवर माणसं राहिली, आणि यादीसाठी सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्यांतलेच काहीजण मग ती सदोष आहे म्हणू लागले, कारण बाहेर राहिलेल्यांत हिंदूही भरपूर निघाले.

आता 'परप्रांतीय'. शब्दकोशात निरुपद्रवी आहे, पेपरात नाही. पवईच्या टॉवरमध्ये राहणारा दिल्लीचा बँक अधिकारी अपघातात सापडला तर तो 'बँक अधिकारी' असतो. कांदे-बटाटे विकणारा जौनपूरचा माणूस सापडला तर 'परप्रांतीय फेरीवाला'. राज्य दोघांचंही परकंच, शब्द मात्र एकालाच. टाळेबंदीत हेच लोक कसारा घाटातून चालत निघाले तेव्हा ते आमच्या पानांवर 'श्रमिक' आणि 'मजूर' झाले. 8 मे 2020 ला औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेली मध्य प्रदेशातली 16 माणसं मालगाडीखाली गेली, त्यांनाही सगळीकडे 'मजूर'च म्हटलं. बरोबरच होतं. मग आधी काय अडचण होती? 'लोंढे' शब्दावर मी वेळ घालवत नाही. पाण्याला ठीक आहे.

अमेरिकेतली वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेसनं एप्रिल 2013 मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत नियम बदलला: 'बेकायदा' हे विशेषण कृतीला लावा, माणसाला नको. बेकायदा प्रवेश म्हणा, बेकायदा माणूस म्हणू नका. या विषयावर मला पटलेला एकमेव नियम हाच. कारण तो पाळायला भूमिका घ्यावी लागत नाही, थोडं व्याकरण पुरतं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर न्यू जर्सीचा एक भाचा आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. तिकडच्या 'इल्लीगल' लोकांवर रोज काहीतरी फॉरवर्ड करतो. तिथला कायदा त्यालाही 'एलियन'च, म्हणजे परकाच, म्हणतो, हे मी त्याला एकदा लिहिलं. तेव्हापासून तो माझे वाढदिवस विसरतो. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून 104 भारतीय बेड्या घालून अमृतसरला आणले, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघं होते. दुसऱ्या देशाची सीमा चोरून ओलांडल्याचाच आरोप होता. त्यांना 'घुसखोर' म्हणणारा मराठी मथळा मला तरी दिसला नाही. 'स्वप्न भंगलेले तरुण' दिसले.

तटस्थ शब्दांची यादी मागितलीत. ती मी देणार नाही, कारण यादी पाठ करणाऱ्यांचाही मला वैताग आहे. 'कागदपत्रविहीन व्यक्ती' असं लिहिणाऱ्या पोरांनी ते एकदा मोठ्यानं वाचून बघावं. असं कुणी बोलत नाही. माणूस काय काम करतो ते लिहा, कुठून आला असं तो सांगतो ते लिहा, पोलीस काय म्हणतात ते पोलिसांच्या नावावर लिहा. पुढाऱ्यानं 'घुसखोर' म्हटलं तर ते अवतरणात आणि त्याच्या नावासकट छापा, त्याचं पाप आपल्या मथळ्यावर घेऊ नका.

आणि जागा नाही हे कारण तर कुणी सांगूच नये. 'बांगलादेशी घुसखोरांना अटक' म्हणजे 13 अक्षरं. 'जरी कारागिरांची धरपकड' म्हणजे 12. मोजा. त्या रात्री मला हे सुचायला हवं होतं असं नाही, ते साहेबांना सुचायला हवं होतं. पगार त्यांना जास्त होता.

एक राहिलं, नाहीतर खाली प्रतिक्रियांत झोडपाल. खोटे आधार, खोटे जन्मदाखले करून देणाऱ्या टोळ्या आहेत, सीमा ओलांडून आलेली माणसं मुंबईत आहेत, आणि पोलीस दरवेळी चुकतात असं मी म्हणत नाही. न्यायालयानं एखाद्याला बांगलादेशी ठरवलं की तसं लिहा, बिनधास्त लिहा, पहिल्या पानावर लिहा. स्थानिकांच्या नोकऱ्यांचा प्रश्नही खोटा नाही. माझ्या चुलतभावांनी तो भोगलाय.

तुम्हाला वर्गात प्रकल्प द्यायचाच असेल तर शब्दांवर निबंध लिहू नका. कुठल्याही दैनिकाची मागच्या वर्षीची फाइल काढा, 'घुसखोर' असलेले मथळे उतरवून घ्या, आणि त्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला फोन करून विचारा की त्या माणसांचं पुढे काय झालं. ठाणे अंमलदार वैतागेल. तरी विचारा. मग त्याच दैनिकात त्या उत्तराची बातमी आली होती का ते शोधा आणि दोन्ही आकडे सरांच्या टेबलावर ठेवा.