दाढ काढायचीय, पण सुई नको

सुईची भीती घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बरेच जण आधी प्रश्न विचारतात तो तंत्राचा. कोथरूडच्या एक काकू (ओळख बदलली आहे) खालची किडलेली दाढ काढायला टिळक रोडवरच्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. शेजारणीची वरची दाढ म्हणे एवढ्याशा टोचणीत निघाली, मग यांचाच अर्धा जबडा बधिर का करायचा? नुसतं जेल लावून नाही का भागत?

उपचार डॉक्टरच ठरवतात, पण समजावण्यापुरतं मी सांगितलं. जेलने हिरडीचा वरचा थर तेवढा बधिर होतो, सुई कमी टोचावी म्हणून ते लावतात. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं. दाढेशेजारी हिरडीत औषध सोडलं की मुळापर्यंत झिरपतं. (टाळूकडची सुई मात्र चांगलीच झोंबते, ते शेजारीण सांगायला विसरली असावी.) खालच्या दाढांभोवतीचं हाड घट्ट असतं, म्हणून जबड्याच्या मागे, नस हाडात शिरते तिथेच औषध द्यावं लागतं. मग अर्धा ओठही जड होतो. बधिर करणारं औषध दोन्हीकडे बहुधा लिग्नोकेनच.

काकू जरा वेळाने म्हणाल्या, "मॅडम, माझी एक दाढ सूज असतानाच काढली होती. दुखतंय म्हटलं तरी कुणी थांबलं नाही."

आता खरं कारण कळलं. सूज आणि पू असला की तिथली आम्लता वाढते, भूल नीट चढत नाही. काकूंना तेव्हा खरोखरच दुखलं होतं. त्यामुळे श्वासाचे व्यायाम मी बाजूला ठेवले आणि डॉक्टरांना सांगायचं ते कागदावर लिहायला लावलं: मागचा अनुभव, बीपीची गोळी, आणि डावा हात वर केला की थांबायचं. शिवाय दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या. औषधात, ते जास्त वेळ टिकावं म्हणून घातलेलं अ‍ॅड्रेनॅलिन असेल तर थोडा वेळ धडधडू शकतं. आणि भूल चढली तरी दाब, ओढ जाणवतेच. कळ मात्र यायला नको.

दाढ काढताना काकूंनी हात वर केलाच. ओठ जड होता, दाढ ठणकत होती. डॉक्टर थांबले, मूळ आणि हाडाच्या फटीत थोडं औषध दिलं. ते लगेच चढतं, टिकतं कमी. तेवढ्यात दाढ निघाली.

दुपारी फोन आला, "ओठ अजून जागेवर नाही, चहा घेऊ का?" बधिरपणा काही तास राहतो, भाजलेलंही कळत नाही, तेव्हा आज गरम काही नको म्हटलं. बिनचहाची दुपार त्यांना दाढेपेक्षा जड गेली असणार.