अॅशट्रेतला शिपाई

प्रश्न : ताई, मागच्या अंकात ‘सुपरनॅचरल’चा, भुताखेतांची शिकार करणाऱ्या दोन भावांच्या त्या अमेरिकी मालिकेचा, शेवटचा भाग ‘मनातून उतरला’ असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात. मी तो तीनदा पाहिला, तिन्ही वेळा रडलो. पंधराव्या सीझनमध्ये चक, म्हणजे मालिकेतला देव, सॅम आणि डीन या भावांचं ‘हिरोचं नशीब’ काढून घेतो. मग डीन एका लोखंडी सळईने मरतो, हे तर्काला धरूनच झालं ना? तुमची तक्रार नेमकी काय? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : आधी त्या नशिबाचं बघू. दहाव्या भागात ते जातं, डीनचे दात किडतात, गाडी कुरकुरायला लागते, हे बरोबर. पण लगेच अकराव्या भागात दोघं भाऊ फॉर्च्युना या भाग्यदेवतेच्या अड्ड्यावर पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळायला जातात आणि परतताना ते नशीब त्यांना परत मिळालेलं असतं. गाडीसुद्धा सुरळीत चालते. तेव्हा सळईची जबाबदारी नशिबावर टाकता येत नाही.

आणि डीन मेला याबद्दल माझी तक्रार नाहीच. भुताखेतांच्या मागे रानोमाळ फिरणारा माणूस अंथरुणात मरेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. ‘स्वान साँग’ आठवा, मे 2010 मधला पाचव्या सीझनचा शेवट. सॅमच्या अंगात सैतान शिरलाय, तो डीनला ठोसे मारतोय, आणि त्याची नजर गाडीच्या अॅशट्रेत अडकलेल्या प्लास्टिकच्या शिपायावर जाते. लहानपणी त्यानेच तो तिथे खुपसलेला. तेवढ्या एका खेळण्याने सॅम भानावर येतो आणि सैतानाला घेऊन नरकातल्या खड्ड्यात उडी टाकतो. जग वाचवलं एका खेळण्याने, पण त्या खेळण्यामागे दोन भावांचं अख्खं बालपण होतं. त्या सळईमागे काय आहे? ओहायोतलं एक कोठार, मुखवटे घातलेले व्हॅम्पायर आणि खांबातून बाहेर आलेलं लोखंड. बास.

आता माझं खरं दुखणं. अख्खा पंधरावा सीझन एकाच प्रश्नावर उभा आहे : आपलं आयुष्य लिहितंय कोण? चक लिहितो आणि त्याला एका भावाने दुसऱ्याला मारलेलं बघायचंय. एकोणिसाव्या भागात जॅक, सैतानाचा पण या भावांनी सांभाळलेला मुलगा, त्याची शक्ती काढून घेतो, चक साधा माणूस होऊन रस्त्यावर उरतो. दोघं भाऊ पहिल्यांदा मोकळे. आणि त्या मोकळेपणाचं आपल्याला काय दिसतं? एक कुत्रा, एक नाश्ता, ‘पाय’ या गोड पदार्थाची एक जत्रा. त्यानंतर जी पहिली केस समोर येते, तिच्यातच डीन जातो. चकच्या हातातली लेखणी काढून घेतली आणि लेखकांनी तीच उचलली, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

नोव्हेंबर 2020 मधली गोष्ट. त्या वर्षी भाऊबीज आम्ही व्हिडिओ कॉलवर केली, धाकटा बंगळुरूला अडकलेला, मी कोल्हापुरात. कॉलेजात असताना आम्ही ही मालिका पेनड्राइव्हवरून बघायला सुरुवात केली होती. शेवटचा भागही एकाच वेळी लावला, फोन कानाशी धरून. कोठारातला प्रसंग लांबत गेला तसा तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘ताई, सॅम कुणाला बोलवत का नाही?’ सॅम मदत आणायला निघतो, डीन त्याला थांबवतो, हे त्यालाही दिसत होतं. पण दुसऱ्या सीझनच्या शेवटी याच डीनने मेलेल्या सॅमला परत आणायला स्वतःचा आत्मा गहाण टाकला होता. त्या दोघांनी एकमेकांना जाऊ द्यायला शिकावं, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ते शिकणं आपल्याला दिसायला वेळ द्यायला हवा होता. इथे एका प्रसंगात ते उरकलं, आणि पुढे सॅमचं अख्खं आयुष्य भराभर पुढे सरकवलं. बायकोचा चेहरासुद्धा धूसर, आणि म्हातारपणाला तो पांढरा विग.

कॅस्टिएल ऊर्फ कॅस, या भावांचा देवदूत मित्र, त्याच्याबद्दल तर मला अजून शांतपणे लिहिता येत नाही. दोनच भाग आधी तो डीनला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सांगतो आणि त्या क्षणाची किंमत म्हणून कायमचा नाहीसा होतो. डीन जमिनीवर बसून रडतो, सॅमचा फोन वाजत राहतो, तो उचलत नाही. एवढ्या मोठ्या कबुलीला शेवटच्या भागात उत्तर काय? स्वर्गात बॉबी, या भावांना वडिलांच्या जागी असलेला, सांगतो, जॅकने सगळं नव्याने उभं केलं, कॅसनेही हात लावला. डीन हसतो. बारा वर्षांच्या सोबतीला एक हसू!

महासाथीमुळे मार्चमध्ये शूटिंग थांबलं होतं, शेवटचे दोन भाग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निर्बंधांत पूर्ण केले. म्हणून माणसं कमी दिसली असतील, ते मी समजू शकते. पण डीनच्या तोंडी कॅसबद्दल चार वाक्यं घालायला जास्तीची माणसं लागत नव्हती.

रडू मलाही आलं, तुमच्यासारखंच. कोठारात नाही, त्यानंतर. सॅम एकटाच बंकरमध्ये, दोघांच्या भूमिगत घरात, आहे, कुत्रा त्याच्याजवळ आहे, आणि डीनच्या खोलीत त्याचा एक जादाचा फोन वाजतो. ऑस्टिनहून कुणीतरी मदत मागतंय. सॅम तो उचलतो.