बिझनेस प्लॅनला पैकीच्या पैकी, धंद्याचं काय?

प्रश्न : विद्यापीठात दोन सत्रं उद्योजकता हा विषय घेतला. बिझनेस प्लॅनला पैकीच्या पैकी गुण मिळाले, पिच स्पर्धेतही (परीक्षकांपुढे धंद्याची कल्पना थोडक्यात मांडायची) नंबर आला. पदवीनंतर लगेच व्यवसाय सुरू करण्याएवढी तयारी झाली असं समजू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : लेखी भागाची झाली. पण प्लॅन तपासणाऱ्या प्राध्यापकांना तुमच्याकडून काही विकत घ्यायचं नसतं. नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयातल्या ‘विद्यार्थी कंपनी’ उपक्रमाचा (यात मुलं स्वतः छोटी कंपनी चालवून शिकतात) अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या उद्योजकीय कौशल्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. धंदा करण्याची इच्छा उलट घटली. (ही घट आम्हाला वाईट वाटत नाही. आपला तो पिंड नाही हे कर्ज काढण्याआधी कळलेलं बरं.)

तुमच्या प्लॅनमधला मागणीचा आकडा कुठून आला ते आधी बघा. बहुतेकदा तो ‘हे मिळालं तर घ्याल का?’ अशा प्रश्नावलीतून येतो, आणि माणसं भिडेपोटी ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी १५-२० संभाव्य गिऱ्हाइकांना विचारा : ही अडचण शेवटची कधी आली, तेव्हा काय केलंत, किती पैसे मोजलेत? ज्यांनी त्यावर आजवर दमडीही खर्चलेली नाही, त्यांना यादीतून वगळा. उरलेल्यांना किंमत सांगा आणि आगाऊ रक्कम मागा. नकार आला तर कारण त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

दुसरी फट रोकडीची. वर्गात नफा-तोटा पत्रक घोटून घेतात, वसुली मात्र एका परिच्छेदात उरकते. समजा, दरमहा विक्री १००, खर्च ८० आणि तोही रोखीनं. बिल महिनाअखेरीस, उधारी ६० दिवसांची. पहिले पैसे तिसऱ्या महिन्याच्या शेवटी येतील. तोवर खिशातून २४० गेलेले असतील. पत्रक मात्र ६० नफा दाखवत असतं! विक्री आणि खर्च दुप्पट झाले की खड्डाही दुप्पट, म्हणून भरभराटीतले धंदेही अडकतात. १३ आठवड्यांचा तक्ता करा : दर आठवड्याला येणारी रक्कम, जाणारी रक्कम, शिल्लक. मग येणारी प्रत्येक रक्कम चार आठवडे पुढे ढकलून बघा. शिल्लक उणे झाली तर आधी उधारीची मुदत कमी करून घ्या. भांडवलाची शोधाशोध नंतर.

प्रश्न : शेवटच्या सत्रात एक ऐच्छिक विषय घ्यायचा आहे. उद्योजकतेचाच प्रगत अभ्यासक्रम घेऊ का?

उत्तर : प्रत्यक्ष विक्रीला गुण असतील तर घ्या, पुन्हा प्लॅनच लिहायचा असेल तर हिशेबशास्त्र बरं. शिकवण्याची पद्धतही विचारून घ्या. टोगोमध्ये १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पुढाकार आणि चिकाटीचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या व्यवस्थापन प्रशिक्षणाचा परिणाम ठोस ठरला नाही. ही मंडळी आधीपासून धंद्यात होती, विद्यार्थी नव्हती, एवढं मात्र ध्यानात ठेवा.