बाग-मैदानासाठी निधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलुंडमध्ये आमच्या सोसायटीमागचा भूखंड वर्षानुवर्षे ओसाड आहे, लोक तिथे राडारोडा टाकतात. आम्हाला तिथे बाग आणि मुलांना खेळायला जागा हवी आहे. कुणी खासदार निधी सुचवतं, कुणी सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी). सुरुवात कुठून करावी?

उत्तर : पैशाचा विचार नंतर करा, आधी मालकी पाहा. नगर भूमापन कार्यालयातून भूखंडाची मिळकत पत्रिका काढा आणि महापालिकेकडून विकास आराखडा २०३४ चा शेरा घ्या. जागा कुणाची आहे (महापालिका, जिल्हाधिकारी, म्हाडा की खासगी) ते पत्रिकेवरून कळतं आणि आरक्षण कशाचं आहे ते शेऱ्यावरून. आरक्षण मैदानाचं पण मालक खासगी असेल, तर संपादन होईपर्यंत तिथे सार्वजनिक पैसा लावता येत नाही. बहुतेक प्रस्ताव इथेच अडकतात, आणि रहिवाशांना ते वर्षभरानंतर समजतं. लेआउटमधली आरजी (रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे संकुलात मनोरंजनासाठी मोकळी ठेवलेली जागा) ही तिथल्या सभासदांसाठी असते, तिच्यासाठी सरकारी निधीची आशा धरू नका.

जागा महापालिकेची निघाली तर विभाग कार्यालयात सहाय्यक आयुक्तांच्या नावे अर्ज द्या, प्रत उद्यान खात्याला द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. अंदाजपत्रकं त्याआधी काही महिने तयार होत असतात, म्हणून अर्ज दिवाळीपूर्वी पोहोचायला हवा.

खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो. खासदार कामाची शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी राहते: कुंपण, पायवाट, दिवे, खेळणी. माळ्याचा पगार किंवा पाण्याचं बिल असा आवर्ती खर्च त्यात बसत नाही. मुंबईत बागा मरतात त्या इथेच. उद्घाटनाच्या दिवशी सगळं असतं, पाण्याची जोडणी मात्र नसते. हजार चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरमागे ५ लिटर धरले तरी रोज ५ हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे १० हजार लिटरचा टँकर दोन दिवसांत रिकामा. तेव्हा हिरवळ कमी ठेवा, सावलीची देशी झाडं जास्त लावा आणि पाण्याचा स्रोत पहिल्याच अंदाजपत्रकात घालून घ्या. शेजारच्या मोठ्या संकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर तिथल्या प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी लेखी करार करता येईल. ते पाणी ठिबकनेच द्यावं. मुलं खेळतात तिथे त्याचे फवारे नकोत.

प्रश्न : अंधेरीतली एक कंपनी सीएसआरमधून मदत करायला तयार आहे. आमची गृहनिर्माण संस्था थेट पैसे घेऊ शकते का?

उत्तर : नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हे काम कंपनी स्वतः करते किंवा पात्र संस्थेमार्फत करून घेते. अशा संस्थेकडे आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि सीएसआर-१ क्रमांक (सीएसआर कामासाठीचा सरकारी नोंदणी क्रमांक) लागतो, शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. त्यामुळे या पैशासाठी घाईघाईने नवा ट्रस्ट काढण्यात अर्थ नाही. अनुभवी संस्था सोबत घ्या.

प्रस्तावाची भाषाही महत्त्वाची. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे बाग त्यात सहज बसते. खेळाची बाब मात्र प्रशिक्षणाच्या शब्दांत आहे, म्हणून नुसत्या झोपाळा-घसरगुंडीच्या प्रस्तावावर लेखापरीक्षक हरकत घेऊ शकतो. आमचा आग्रह आहे की कंपनीकडून काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. असा प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. बांधकामासोबत तेवढ्या वर्षांचा माळी, रखवालदार आणि पाणीही मागून घ्या.

प्रश्न : सांभाळायला दिलेल्या मैदानाला संस्थेने कुलूप लावू नये म्हणून करारात काय लिहावं?

उत्तर : ही भीती अनाठायी नाही. मैदानं-बागा संस्थांना सांभाळायला देण्याचं, जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मंजूर केलेलं दत्तक धोरण याच कारणावरून झालेल्या विरोधानंतर मुख्यमंत्र्यांनी स्थगित केलं होतं. करार महापालिका, दाता आणि सांभाळणारी संस्था असा तिघांत करा. जमिनीचा ताबा आणि मालकी महापालिकेकडेच राहील, प्रवेश सर्वांना विनाशुल्क असेल, उघडण्या-मिटण्याच्या वेळा फलकावर असतील आणि पक्कं बांधकाम होणार नाही, हे मोघम न ठेवता कलमवार लिहा. दात्याच्या फलकाचं मापसुद्धा ठरवा. मुदत संपली की करार आपोआप वाढेल असं वाक्य कुठे दडलेलं नाही ना, ते पाहा. एखादी रक्कम ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून दारात मागितली जात असेल तर ते शुल्कच आहे, विभाग कार्यालयाला लेखी कळवा.

प्रश्न : वर्सोव्याच्या बागेतला ओपन जिम दोन पावसाळ्यांत गंजला. असं का?

उत्तर : खारी हवा. साध्या लोखंडावर नुसतं पावडर कोटिंग असलं की सांध्यापाशी रंगाला तडा जातो आणि गंज आतून पसरतो. निविदेतच ‘आधी हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर), मग कोटिंग’ असं लिहून घ्या. समुद्राजवळ नट-बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे हवेत. पायाची प्लेट जमिनीच्या थोडी वर हवी, नाहीतर तिथे पाणी साचतं. कंत्राटदाराचा दोष दायित्व कालावधी (कामातल्या दोषांना तो जबाबदार असतो ती मुदत) संपला नसेल तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने होते, म्हणून फोटोंसह तक्रार लगेच द्या.

प्रश्न : बागेच्या कोपऱ्यात सामुदायिक भाजीपाल्याचे वाफे करायचे आहेत. माती किती लागेल?

उत्तर : १० मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल वाफ्याला ३ घनमीटर, म्हणजे साधारण एक ब्रास. त्यात दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत. रुंदी मीटरभरच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि माती तुडवली जात नाही. कडेला दर मीटरला पाणी जायला भोक हवं, नाहीतर जुलैत मुळं कुजतात. पावसाळ्यात मांडवावर दोडका-काकडी घ्या. मेथी-पालक पाऊस सरल्यावर.

जागा ठरवण्याआधी सावली पाहा. डिसेंबरअखेर मुंबईत भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपास असतो. दक्षिणेला ६० मीटर उंच टॉवर असेल तर त्याची सावली उत्तरेला जवळपास ५५ मीटर पडते, आणि मेथी-पालकाचा हंगाम नेमका तोच.